दुसरा बाण

अनसिंगसारख्या गावी एखाद्या घरातला मुलगा दहावीला गणितात नापास झाला की बाप चटकन म्हणून जातो, "आपल्या घराण्यात विद्या नाहीच!" गेला एक विषय, परंतु त्या एका विषयापायी मागच्या-पुढच्या साऱ्या पिढ्या निकालात निघाल्या. पुरावा कोणता? काहीच नाही. आपणांस विद्येचा अधिकार नाही असे ज्यांनी शतकानुशतके बजावले, त्यांचेच वाक्य हा बाप नकळत आपल्या मुलाला ऐकवीत असतो.

विचारांच्या या खोडींचा शास्त्रीय अभ्यास अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास व ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात केला. खिन्न माणसाचे मन एका अनुभवावरून कायमचा नियम बांधते, समोरच्याच्या मनातले स्वतःच ठरविते, चांगले घडले ते हिशेबातच धरीत नाही, असे बेक यांना रुग्णांच्या बोलण्यातून आढळले. तथागतांनी दोन बाणांच्या दृष्टांतात याच्या अगदी जवळची गोष्ट सांगितली आहे. पहिला बाण शरीराला लागतो. दुसरा आपले मन मारून घेते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. पहिला बाण खोटा नसतो. सोयाबीनचा भाव पडणे, पाणवठ्यावर झालेला अपमान, या काही मनाच्या कल्पना नव्हेत. "तुमचा विचारच चुकीचा" असे सांगून अन्यायावर पांघरूण घालणारे शहाणे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या हाती हे शास्त्र देता कामा नये. अन्याय ओळखण्यासाठीच विचार स्वच्छ हवा.

उदाहरण घ्या. दाखल्याचा अर्ज परत आला. "आमचेच कागद परत येतात, आम्हांला कधीच काही मिळायचे नाही," असे म्हणत माणूस घरी येतो. यातले घडलेले किती आणि मनाने घातलेले किती? अर्ज परत आला, एवढेच घडले. कागद कमी होता, की कारकुनाच्या मनात आकस होता? आकस असूही शकेल. पण तो कारण विचारल्यावाचून सिद्ध होत नाही. आणि "कधीच" हा शब्द तर तपासूनच घ्यावा. १९५६ साली धम्म स्वीकारणाऱ्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळावयास १९९० साल उजाडले. त्या ३४ वर्षांत "कधीच नाही" म्हणणारे काही थोडे नसतील!

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत द्यावी लागते. नाकारावयाची तर कारण लेखी द्यावे लागते. ते कारण मागून घ्यावे आणि घरातल्या शिकल्या मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्यावे. कारण पटले तर कागद पुरा करावा. न पटल्यास पहिले अपील ३० दिवसांत करावयाचे असते, आणि हे दिवस "काय उपयोग?" म्हणत बसलेल्या माणसाचेही मोजले जातात.