हाताचे सांधे, आधाराचे शब्द



सांधेदुखीवरील मागील लेख वाचून एका ज्येष्ठ वाचकांनी विचारले आहे, की युनानी औषधांच्या माहितीत ‘वजा-उल-मफासिल’ असा उल्लेख येतो, तो नेमका कोणता विकार? उत्तर सोपे आहे. ‘वजा’ म्हणजे वेदना, आणि ‘मफासिल’ हे ‘मफ्सिल’ या अरबी शब्दाचे अनेकवचन. मफ्सिल म्हणजे सांधा. तेव्हा हा विकार आपल्या परिचयाचाच आहे. मात्र या शब्दाचे गोत पाहू लागलो, की हाताच्या एकेका सांध्याविषयी विचार करण्याजोगे बरेच काही सापडते. म्हणून आज औषधांआधी थोडे शब्दांकडे वळू.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. ‘मफ्सिल’चा धातू फ-स-ल, अर्थ वेगळे करणे. एखादी गोष्ट सुटी सुटी करून सांगणे म्हणजे ‘तफ्सील’. फारसीच्या वाटेने मराठीत येऊन तिचा ‘तपशील’ झाला. खरे-खोटे वेगळे करणारा तो ‘फैसला’. वर्षाचे भाग पाडणारा ऋतू तो ‘फस्ल’, आणि त्यावरून महसुली व्यवहारातला ‘फसली’ सन. आपण ‘सांधा’ म्हणतो तेव्हा जोडण्याची कल्पना पुढे येते. अरबीत वेगळे ठेवण्याची. वैद्यकाच्या दृष्टीने दोन्ही खरे आहे. सांधा हाडांना जोडतो, पण त्यांची टोके कूर्चेमुळे एकमेकांपासून अलग राहतात तोवरच तो सुखाने हलतो. कूर्चा झिजली, की कुरकुर सुरू होते.

खांदा

खांद्याला अरबीत ‘कतिफ’ म्हणतात. त्यावरून ‘तकातुफ’ हा शब्द आला: परस्परांना साह्य करणे, आपल्या भाषेत खांद्याला खांदा लावणे. परंतु त्याच धातूपासून निघालेल्या ‘कत्तफ’ या क्रियापदाचा अर्थ आहे हात पाठीमागे बांधणे, म्हणजेच मुसक्या बांधणे. एकाच खांद्यातून मदतही आणि बंधनही!

ज्यांचा खांदा गोठला आहे, त्यांना हे दुसरे रूप ठाऊक असते. केस विंचरता येत नाहीत, फळीवरचा डबा निघत नाही, पाठीमागे हात जात नाही, त्या कुशीवर झोपवत नाही. हा विकार साधारणतः ४० ते ६० या वयात सुरू होतो आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो. दुखते म्हणून हात गळ्यात अडकवून ठेवला, तर आखडणे वाढते. डॉक्टरांकडून निदान करून घ्यावे, रक्तातील साखर तपासावी आणि सांगितलेले व्यायाम सोसेल तितके, पण नेमाने करावेत. बरे होण्यास कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात. निराश होऊ नये. मात्र पडल्यानंतर एकाएकी हात उचलेनासा झाला, तर तो गोठलेला खांदा समजून घरी थांबू नये. एक्स-रे काढणे आवश्यक असते.

सेवा करणाऱ्यांना येथे एक कळकळीची विनंती. रुग्णाला बखोटीला धरून वर ओढू नका. पक्षाघाताने दुर्बळ झालेल्या हाताच्या बाबतीत तर कदापि नाही. त्या खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात आणि एका हिसक्याने सांधा निसटू शकतो. रुग्णाला खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवावे, त्यांचे पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावेत, त्यांना पुढे झुकू द्यावे आणि चांगल्या हाताने खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठू द्यावे. आपण दुर्बळ बाजूला उभे राहून, स्वतःचे गुडघे वाकवून, त्यांच्या कमरेपाशी आधार द्यावा.

दंड

खांदा व कोपर यांच्यामधला दंड, तो अरबीत ‘अदुद’. याचाच दुसरा अर्थ पाठीराखा, साहाय्यक. दहाव्या शतकात इराण व इराकवर राज्य करणाऱ्या बुवय्ही घराण्यातील एका राजाने ‘अदुद अद्-दौला’, म्हणजे राज्याचा बाहू, अशी पदवी धारण केली होती. त्याने बगदादमध्ये उभारलेले ‘अदुदी’ रुग्णालय त्याच्या पश्चात पिढ्यान्‌पिढ्या चालले. कोपराखालचा भाग ‘साइद’. ‘मुसाअदा’ हा मदतीसाठीचा नित्याचा शब्द त्याच धातूचा. म्हणजे हाताचा कोणताही भाग घ्यावा, त्याच्या शेजारी दुसऱ्या माणसाची आठवण ठेवलेलीच आहे.

कोपर

मराठीत कोपराची ख्याती फारशी चांगली नाही. कोपरखळी मारली जाते, कंटाळलेला माणूस कोपरापासून हात जोडतो. अरबीतील कोपर मात्र ‘मिर्फक’, आणि त्याचा धातू र-फ-क. ‘रिफ्क’ म्हणजे मऊपणा, सौम्य वागणूक. ‘रफीक’ म्हणजे सोबती. मिर्फक ही टेकण्याची जागा, आणि ज्यावर भिस्त ठेवता येते ते सारेच मिर्फक. म्हणून आजच्या अरबीत पाणी, वीज आदी सार्वजनिक सोयींना ‘मराफिक’ म्हणतात. जुन्या भाषेत घरातील मोरी, शौचकूप अशा सोयीही याच नावाने ओळखल्या जात.

कोपर आणि न्हाणीघर यांचे हे नाते प्रत्येक कुटुंबाने मनावर घ्यावे असे आहे. ओल्या फरशीवर तोल जातो तेव्हा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि टॉवेलची दांडी किंवा बेसिन त्याचे वजन पेलू शकत नाही. कमोडशेजारी व आंघोळीच्या जागी भिंतीत पक्की रोवलेली दांडी बसवून घ्यावी. तिची उंची ज्याला वापरायची आहे त्याला तेथे उभे करून व बसवून ठरवावी; कोपर किंचित वाकलेले राहील अशी असावी.

खुद्द कोपराचीही काळजी हवी. तासन्‌तास टेबलावर कोपर टेकून बसल्याने मागच्या टोकावर लिंबाएवढी मऊ सूज येऊ शकते. ती घरी टोचू नये. लाली, उष्णता वा ताप असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर कोपराच्या आतील बाजूने जाणारी नस दबत असण्याचा संभव असतो. फोन कानाशी धरून हात फार वेळ दुमडून ठेवणे टाळावे.

आणि रिफ्क दोन्ही बाजूंनी लागतो. ‘मऊ सापडले म्हणून कोपराने खणू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरात जी व्यक्ती न कुरकुरता उठते-बसवते, तिलाच दर वेळी हाक मारली जाते. तपासणीला रुग्णाला घेऊन येणारी सून किंवा मुलगी निघताना हळूच स्वतःचा खांदा दाखवते, हे मी नेहमी पाहतो. तिच्या वाटणीचे काही काम इतरांनी उचलणे हा उपचाराचाच भाग आहे. तसेच ज्येष्ठांनीही, जेवढे स्वतः उठता येईल तेवढे उठावे आणि उरलेल्या आधारासाठी संकोच करू नये. टेकणे हा कमीपणा नाही. अरबी कोपराला त्याचे नावच त्यावरून मिळाले आहे.

मनगट

आपण मनगटाच्या जोरावर संसार उभा करतो. अरबीत मनगटाला ‘मिअसम’ असा शब्द आहे, विशेषतः जेथे कंकण घालतात ती जागा. धातू अ-स-म, अर्थ धरून ठेवणे, रक्षण करणे. ‘इस्मा’ म्हणजे संरक्षण, आणि दोषांपासून राखलेला तो ‘मासूम’, जो हिंदी गाण्यांतून आपल्या ओळखीचा आहे.

पडताना आपण शरीर वाचवण्यासाठी हात पुढे करतो, आणि मनगट आपले नाव सार्थ करीत स्वतः मोडते. उतारवयात, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये, साध्या पडण्यानेही हे हाड मोडते. अशा वेळी पहिले काम म्हणजे बांगड्या, पाटल्या, अंगठ्या, घड्याळ ताबडतोब काढणे. थोड्याच वेळात सूज चढते आणि मग त्या कापाव्या लागतात. काचेच्या बांगड्या निघत नसतील, तर मन घट्ट करून जपून वाढवाव्यात. सौभाग्याची काळजी करणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे. हात फळकुटावर किंवा जाड पुठ्ठ्यावर हलका बांधून रुग्णालयात न्यावे. चोळू नये, ओढू नये. प्लास्टर निघाल्यावर विषय संपत नाही. असा अस्थिभंग हा हाडे ठिसूळ होत असल्याचा इशारा असतो. हाडांची घनता तपासून उपचार सुरू केल्यास पुढचा, खुब्याचा अस्थिभंग टळू शकतो.

काठीचे माप

हे तिन्ही सांधे एकत्र कामाला लागतात ते काठी धरताना. नेहमीची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात मोकळा सोडावा. मनगटाच्या आडव्या घडीपाशी काठीची मूठ यावी. ती धरल्यावर कोपर १५ ते ३० अंशांत वाकलेले असावे. खांदा वर चढत असेल तर काठी उंच आहे. पाठ वाकत असेल तर आखूड आहे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकावी. टोकाचे रबर गुळगुळीत झाले की बदलावे.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. प्राचीन अरबांनी कृत्तिकांपासून आकाशात पसरलेला एक हात कल्पिला होता. आपण ज्याला ययाति म्हणतो त्या तारकासमूहात ‘मेन्किब’ म्हणजे खांदा, ‘मिर्फाक’ म्हणजे कोपर आणि ‘मिसम’ म्हणजे मनगट ही ताऱ्यांची नावे आजही चालतात. शर्मिष्ठेतील ‘काफ’ हा त्याचा तळवा. यांपैकी मिर्फाक चांगला ठळक आहे. म्हातारपण आल्यावर ययातीने मुलाकडे तारुण्य मागितले. आपल्याला मुला-नातवंडांकडे हातभर आधार मागितला तरी पुरे.

डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडे तोंड करून नातवंडांना तो शोधायला सांगा. आपण मात्र उभ्याने मान मागे टाकून पाहू नका, चक्कर येते. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत बसा, शाल घ्या, आणि कोपरे खुर्चीच्या हातांवर निवांत टेकवा.

पुढील अंकी गुडघ्याविषयी.