मोटारी वाढल्या, मिस्त्री उरले नाहीत

धानाची कापणी आटोपून मळणी सुरू झाली की गोंदिया जिल्ह्यातील रस्त्यांवर वाहनांची जी अखंड वर्दळ लागते, तिच्यावर या जिल्ह्याचे सारे वार्षिक अर्थकारण तोललेले असते. तिरोडा, आमगाव, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांतून पोत्यांनी भरलेल्या पिकअप गाड्या आणि ट्रॅक्टर खरेदी केंद्रांकडे व राईस मिलांकडे निघतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत एखादी गाडी वाटेत बंद पडली, तर तिचा दोष अचूक ओळखणारा मनुष्य मिळणे आज इतके दुर्घट झाले आहे की, मालकाला ती दुसऱ्या वाहनावर लादून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नागपूरची वाट धरावी लागते. नेण्याचे भाडे, तेथील कार्यशाळेत नंबर लागेपर्यंतचा खोळंबा आणि दरम्यान बुडालेल्या खेपा यांचा हिशेब केला, तर प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा किरकोळ ठरतो. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टीत तर गावाला बाजाराशी जोडणारी एकुलती काळी-पिवळी जीप आठवडाभर उभी राहिली, की रुग्णापासून विद्यार्थ्यापर्यंत सर्वांचेच चलनवलन थांबते.

या टंचाईचे कारण माणसांच्या अभावात शोधणे व्यर्थ आहे. कामाच्या शोधात नागपूर, रायपूर, पुणे, हैदराबाद गाठणाऱ्या तरुणांची या जिल्ह्यात वाण नाही. वाण आहे ती विद्येच्या हस्तांतराची. एके काळी ही विद्या उस्तादाच्या हाताखाली मिळे. पोरगा आधी पाने पुसायला, मग ग्रीस भरायला, मग चाक उतरवायला शिके आणि चार-पाच वर्षांत इंजिनाच्या आवाजावरून रोग सांगू लागे. त्या पद्धतीत क्रौर्यही होते. कोवळ्या मुलांचे शोषण होते, म्हणून बालकामगार प्रतिबंधक कायद्याने आणि विशेषतः २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली, ती सर्वथा न्याय्यच होती. परंतु जुनी वाट बंद करताना तिच्या जागी नवी वाट बांधण्याची तजवीज आपण केली नाही, आणि उस्ताद वृद्ध होत असता त्यांच्या हाताखालची जागा रिकामी राहिली.

तशात यंत्रानेच आपली प्रकृती पालटली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाची मानके लागू झाली आणि डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. गाडी काही काळ सलग वेगाने धावली, म्हणजे धुराची उष्णता वाढून या गाळणीत साठलेली काजळी जळून जाते. परंतु गाव ते मिल अशा आखूड आणि संथ खेपा करणाऱ्या गाडीत ती उष्णता साधत नाही, काजळी तुंबत जाते, चालकासमोरचा दिवा पेटतो आणि इंजिनाचा जोर ओसरतो. जाणकार मिस्त्री अशा वेळी स्कॅनर लावून गाळणीतील दाब पाहील, ती शास्त्रशुद्ध रीतीने जाळून स्वच्छ करील आणि चालकाला गाडी मधूनमधून महामार्गावर सलग पळविण्यास सांगेल. ज्याला हे कोणी शिकविलेच नाही, तो बिचारा एकामागून एक सेन्सर बदलत राहतो, मालकाचे हजारो रुपये खर्ची पडतात, आणि अखेर ती गाळणीच कापून टाकली जाते. म्हणजे ज्या शुद्ध हवेसाठी गाडीची किंमत वाढली, ती हवाही गेली आणि पैसाही गेला. कौशल्याच्या दुर्भिक्ष्याचे मोल असे घराघरातून आणि फुप्फुसांतून वसूल होत असते. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या कामात तर हे मोल कधी कधी प्राणांनी चुकवावे लागते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्यांत शिकविला जातो. पण तेथील पात्र प्रशिक्षणार्थ्याला कित्येक दशके दरमहा ४० रुपये विद्यावेतन मिळत होते, आणि ते २०२३ मध्ये वाढून ५०० रुपये झाले, एवढ्या एका गोष्टीवरून या विद्येची आपण काय किंमत केली, ते ध्यानात येते.

खरी गोम १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. संस्थेतून प्रमाणपत्र घेऊन निघालेल्या मुलाचा हात चालत्या कामावर बसावा, म्हणून हा कायदा झाला. त्याच्या २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि चार ते एकोणतीस कामगार असलेल्यांना ती मुभा आहे. आता गोंदियातील गॅरेज डोळ्यांसमोर आणावे: एक उस्ताद, फार तर दोन मदतनीस. म्हणजे जेथे ही विद्या प्रत्यक्ष नांदते, ती जागाच कायद्याच्या दप्तरात नाही. मुलाने तेथे तीन वर्षे घालविली, तरी त्याला ना सरकारी विद्यावेतन, ना सनद. आणि सनदेवाचून बँकेचे कर्ज नाही की लग्नाच्या बैठकीत मान नाही. मग काळ्या हातांच्या या धंद्याकडे बुद्धिमान मुलगा का वळावा?

याच जिल्ह्यात बिरसीला विमानतळ आहे आणि तेथे वैमानिक घडविले जातात. विमानाच्या देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याने सही केल्याखेरीज ते उडत नाही. रस्त्यावरच्या मोटारीत बसलेल्या कुटुंबाचा जीव त्याहून स्वस्त नाही. तथापि तिचे ब्रेक खोलण्यासाठी आपल्या देशात कसलाही परवाना लागत नाही. जर्मनीत हा व्यवसाय साडेतीन वर्षांच्या, काही शाळेत व बहुतांशी कार्यशाळेत होणाऱ्या शिक्षणाने मिळतो, आणि स्वतंत्र गॅरेज चालविण्यास साधारणतः त्यापुढची मास्टरची पदवी लागते. त्या जर्मनीलाही माणसे अपुरी पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला, तो याचमुळे. आपल्या मुलांना परदेशी चांगले वेतन मिळावे, याचा मला आनंदच आहे; पण त्यांना तयार करणारे हात देशी गॅरेजांत उरले नाहीत, तर हा पुरवठा किती काळ पुरेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. आठ-दहा लहान गॅरेजांचा समूह करून त्याला कायद्यात एक आस्थापना मानावे आणि उस्तादाला उमेदवारामागे मानधन द्यावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कार्यशाळा संध्याकाळी कामकरी मिस्त्र्यांसाठी उघड्या ठेवून तेथे स्कॅनर, इंजेक्टर आणि विजेवर चालणाऱ्या गाडीतील उच्च दाबाच्या बॅटरीची सुरक्षित हाताळणी शिकवावी. आणि वाहनधारकांनीही सुट्या भागाचे हजारो रुपये निमूट मोजताना मजुरीच्या दोनशे रुपयांवर घासाघीस करण्याची सवय टाकावी. पहिल्या समूहाची नोंदणी करण्यास जिल्हाधिकाऱ्यांना केंद्र सरकारच्या हुकमाची वाट पाहावी लागेल. संध्याकाळच्या वर्गांसाठी मात्र फारशी वाट पाहण्याचे कारण नाही, ते येत्या धानाच्या हंगामापूर्वी सुरू करावेत.