चूक पोटात घालायची, की चौकात मांडायची?

‘झालं गेलं, गंगेला मिळालं’ असं म्हणणं किती सोपं असतं, नाही? घरात कुणी कुणाचे पैसे बुडवले, कुणावर हात उचलला, कुणाचा विश्वासघात केला, की चार वडीलधारी मंडळी जमतात. चूक करणारा खाली मान घालून ‘चुकलं’ म्हणतो आणि मग सगळ्यांच्या नजरा घरातल्या बाईकडे वळतात. आता तिनं ते पोटात घालायचं. तिनं घातलं की विषय संपला. जरा का थांबली, तर तीच कोत्या मनाची ठरते. पण ज्याचं खरोखर नुकसान झालं, त्याचं काय, हे कुणी विचारतच नाही.

या विषयावर दीडशे वर्षांहून जुनी एक रशियन कादंबरी फार मोलाचं सांगून जाते. फ्योदोर दोस्तोयेव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’. १८६६ साली ती मासिकातून क्रमशः छापून आली. शेवटचा भाग लिहून घ्यायला मदतीला होती वीस वर्षांची लघुलेखिका ॲना, जी पुढच्याच वर्षी त्याची बायको झाली. आपल्याकडे राज कपूर-माला सिन्हाचा ‘फिर सुबह होगी’ हा १९५८ चा सिनेमा याच कादंबरीवर बेतलेला. जाडजूड पुस्तक बघून घाबरायला होतं खरं, पण गोष्ट आपल्याला सहज कळेल अशीच आहे.

पीटर्सबर्ग शहरात रास्कोल्निकोव्ह नावाचा एक गरीब तरुण राहतो. कायद्याचं शिक्षण पैशांअभावी अर्धवट सुटलेलं. आई पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठवते, बहीण दुन्या भावाचं भलं व्हावं म्हणून एका पैसेवाल्या, घमेंडखोर माणसाशी लग्न करायला तयार होते. (घरातल्या मुलाच्या भविष्यासाठी मुलीनं झिजायचं, ही रीत तिथेही होतीच म्हणायची!) हा मात्र खोलीत पडून विचार करतो, की थोर माणसांना सगळं माफ असतं, मग मी का नाही? वस्तू गहाण ठेवून पैसे देणारी एक कंजूष म्हातारी आहे, तिच्या जगण्याचा कुणाला काय उपयोग? आणि तो कुऱ्हाडीनं तिचा खून करतो. तेवढ्यात म्हातारीची सावत्र बहीण लिझावेता अचानक घरात येते. तिनं पाहिलं म्हणून तो तिलाही मारतो. लुटलेले पैसे एका दगडाखाली लपवून ठेवतो आणि पाकीट उघडूनसुद्धा बघत नाही.

पोलिसांकडे पुरावा नसतो. पण याला ताप भरतो, तो बरळतो, माणसांत बसवत नाही, आईला जवळ घेववत नाही. अपराधाचं ओझं म्हणजे काय, ते या पानांतून कळतं. शिक्षा कोर्टात सुरू होत नाही, ती आधीच सुरू झालेली असते.

शेवटी हे ओझं तो उतरवतो सोन्यापाशी. सोन्या अठरा वर्षांची. बाप दारुडा, सावत्र आई क्षयानं खंगलेली, घरात लहान भावंडं उपाशी. म्हणून ही मुलगी रस्त्यावर उभी राहिलेली. पहिल्या रात्री तीस रुबल आईपुढे ठेवून ती शालीत तोंड लपवून भिंतीकडे वळून पडली होती. जगानं जिला वाया गेलेली ठरवलं, तिच्यासमोर हा हुशार, शिकलेला मुलगा कबुली देतो.

आणि इथे सोन्या जे करते, त्यासाठीच हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं.

ती त्याला दूर लोटत नाही. त्याच्या गळ्यात पडून रडते, तुझ्याबरोबर कुठेही येईन म्हणते. पण ‘मला सांगितलंस ना, आता कुणाला कळू देऊ नकोस’ असं म्हणत नाही. ती त्याला सांगते, की चौकात जा, जी माती विटाळलीस तिच्यापुढे वाक, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग की खून मी केलाय. म्हणजे बघा, ती माणूस पदरात घेते, पण त्याची चूक पदराआड लपवत नाही. प्रेम करणं आणि पांघरूण घालणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या न शिकलेल्या मुलीला कळतं.

तो चौकात जातो, गुडघे टेकतो, जमिनीचं चुंबन घेतो. लोक हसतात, दारू प्यायलाय म्हणतात. पुढचे शब्द त्याच्या घशातच अडकतात. पोलीस ठाण्यातूनही तो न बोलताच बाहेर पडतो. पण अंगणात सोन्या उभी असते, पांढरीफटक. तिला बघून तो परत फिरतो आणि कबुली देतो.

सिनेमा असता तर इथेच ‘समाप्त’ची पाटी आली असती. दोस्तोयेव्हस्की तसं करत नाही. १८४९ साली सरकारविरोधी मंडळात असल्याबद्दल त्याला अटक झाली होती. गोळ्या घालण्यासाठी उभं करून ऐनवेळी शिक्षा बदलली गेली आणि सैबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात त्यानं चार वर्षं काढली. कैद्यांची मनं त्यानं जवळून पाहिली होती. त्याचा नायकही आठ वर्षांची सक्तमजुरी भोगायला सैबेरियात जातो, पण तिथे कितीतरी महिने त्याला पश्चात्ताप होत नाही! आपण खून केला याचं नाही, तर आपण कच्चे निघालो, कबुली देऊन बसलो याचंच त्याला दुःख. सोबत आलेल्या सोन्याशीही तो तुसडेपणानं वागतो. कबुली तोंडानं दिली म्हणून मन बदललं असं होत नाही. आजारपणानंतर एके दिवशी नदीकाठी तो तिच्या पायाशी कोसळतो, तेव्हा कुठे खरी सुरुवात होते. आणि तेव्हाही शिक्षेची सात वर्षं उरलेलीच असतात.

आता काही जणी म्हणतील, यातही शेवटी बाईच बाप्याला सुधारायला सैबेरियापर्यंत गेली ना? ही तक्रार मला पटते. सोन्याचा त्याग आदर्श म्हणून मुलींच्या गळ्यात बांधू नये. ती कादंबरीतली आहे, आपल्या लेकींना खरं आयुष्य काढायचं असतं. घ्यायचा असेल तर तिचा ठामपणा घ्यावा.

मला मात्र राहून राहून आठवते ती लिझावेता. बहिणीच्या घरी राबणारी, तिचा मार खाणारी, जुने कपडे विकणारी गरीब बाई. तिनं रास्कोल्निकोव्हचा एक सदराही दुरुस्त करून दिला होता. मारताना तिनं साधा प्रतिकारही केला नाही, नुसता हात पुढे केला. म्हातारीबद्दल तो पानंच्या पानं विचार करतो, पण लिझावेता आपल्याला आठवतच कशी नाही, याचं त्याला स्वतःलाच एकदा नवल वाटतं. तिला विसरत नाही ती सोन्याच. दोघी मैत्रिणी होत्या. सोन्या त्याला वाचून दाखवते ते बायबल लिझावेतानंच दिलेलं. त्याच्या गळ्यात ती आपला क्रूस घालते आणि लिझावेताचा क्रूस स्वतःच्या गळ्यात घालते.

माफीच्या प्रत्येक बैठकीत अशी एक लिझावेता असते. कधी ती मार खाल्लेली सून असते, कधी पगार बुडवलेली मोलकरीण, कधी तोंड बंद ठेवायला लावलेली मुलगी. चूक करणारा रडतो, घरचे गहिवरतात, आणि ती कोपऱ्यात उभीच राहते. म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी ‘पोटात घाल’ म्हणालं, तर एवढं विचारावं, की ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर हा बोललाय का? घेतलेलं परत केलंय का? उद्यापासून काय बदलणार आहे? यांची उत्तरं मिळाली, तर माफीचं पुढे बघता येईल. नाही मिळाली, तर थांबायचा हक्क आपल्याला आहे. त्यात कोतेपणा काही नाही.