उशिरा आलेले आभार



भात खळ्यावर आले की आपण प्रथम देवाचे आभार मानतो. अमेरिकेत त्याकरिता नोव्हेंबरचा चौथा गुरुवार राखलेला आहे. मनुष्याचे आभार मानावयास मात्र आपण फार सवड घेतो.

त्याच देशातील मिनियापोलिस शहरी १९७१ साली डॉन रॉविच हा इतिहासाचा उमेदवार शिक्षक होता. गाड्यांतून ऑरेगनला निघालेल्या कुटुंबांचे हाल मुलांना समजावेत, म्हणून त्याने गणित शिकविणाऱ्या दोन सोबत्यांसह संगणकावर एक खेळ रचला. पडदा नव्हता, उत्तरे टेलिटाइप यंत्रातून कागदावर उमटत. सत्र संपताच खेळ यंत्रातून पुसला गेला. छापील प्रत तेवढी रॉविचने जपली. १९७४ साली तो शाळांना संगणकीय पाठ पुरविणाऱ्या ‘मेक’ या सरकारी संस्थेत नोकरीस लागला, आणि त्या कागदांवरून सारा खेळ त्याने पुन्हा यंत्रात भरला. पुढे त्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. संस्थेने या तिघांचा जाहीर सत्कार केला तो १९९५ साली!

चोवीस वर्षे! दूरच्यांना हसणे सोपे. आपल्या ख्रिस्तमंदिराची घंटा पहाटे वाजविणाऱ्या बाबांच्या सेवेस किती वर्षे झाली, हे मला परवा त्यांनाच विचारावे लागले.