तारेला पारख नसते

रमजानच्या दिवसांत पहाटे चारच्या सुमारास मुलचेरा आणि आसपासच्या गावांत दोन ठिकाणी माणसे जागी असतात. सहेरीसाठी उठलेल्या घरांत चूल पेटलेली असते, आणि शेतात जागलीला गेलेला शेतकरी शेकोटीजवळ डुलक्या घेत बसलेला असतो. पहिला दिवसभराच्या रोजाची तयारी करतो, दुसरा वर्षभराच्या अन्नाची राखण करतो. गडचिरोली जिल्ह्याच्या या तालुक्यात गोंड-माडिया आहेत, तेलुगू बोलणारे आहेत, मराठी आहेत, पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेले बंगाली आहेत आणि मुसलमानही आहेत. भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण रात्री जंगलातून निघून बांदीत उतरणारे रानडुक्कर सगळ्यांचे सारखेच आहे.

डुकराचा कळप एका रात्रीत काय करतो, हे ज्याने पाहिले नाही त्याला या विषयावर बोलणे सोपे वाटते. कळप जेवढे खातो त्याहून कितीतरी जास्त तुडवतो आणि उकरतो. लोंब्या भरलेले धान आडवे होते, मक्याचे ताट मुळापासून उपटले जाते, सांदवाडीतले कंद सकाळी खड्ड्यांच्या रूपात दिसतात. रोही आणि वानरे वेगळीच. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात काठी, फटाका किंवा त्याहून वाईट काही येते, तेव्हा त्याला लगेच क्रूर ठरवू नये. त्याच्याकडे कर्ज असते, लेकरे असतात आणि पीक एकदाच येते.

पण काठी आणि विजेची तार यांत फरक आहे. या जंगलपट्ट्यात काही शेतकरी वीजवाहिनीवर आकडा टाकून किंवा पंपाच्या जोडणीतून उघडी तार ओढतात आणि ती धुऱ्याधुऱ्याने खुंट्यांवर बांधतात. रात्री प्रवाह सोडायचा, पहाटे बंद करायचा. तार मांडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर डुक्कर असते, पण तारेला डुक्कर माहीत नसते. तिला चितळ लागते, अस्वल लागते, शेजाऱ्याची गाय लागते. अंधारात पाणी फिरवायला निघालेला माणूस लागतो. कधी स्वतः मांडणारा, प्रवाह बंद करायला विसरून, तिलाच चिकटतो.

2017 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड भागात, ‘श्रीनिवास’ नावाचा वाघ अशाच तारेला लागून मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो बछडा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. तार लावली होती रानडुकरांसाठी. वाघ मेलेला दिसल्यावर कॉलर काढून टाकली गेली आणि वाघाला शेतातच पुरले गेले. पुढे तपास झाला, अटक झाली, बातम्या झाल्या. त्या रात्रीचा विचार मात्र फारसा कुणी केला नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेजवळ वाघ पडलेला पाहणाऱ्या माणसाच्या छातीत काय झाले असेल? भीती तर होतीच. पण ज्याला मारायचे नव्हते तो मेला, हेही त्याला कळलेच असणार. खड्डा खणताना माणूस फक्त पुरावाच पुरत नसतो.

या प्रश्नावर देशात मोठा वाद झाला तो 2016 मध्ये. केंद्र सरकारने बिहारमध्ये रोही आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड यांना ठरावीक भागांसाठी, ठरावीक काळापुरते ‘उपद्रवी’ जाहीर केले होते. महाराष्ट्र सरकारने त्याआधी, 2015 मध्ये, पिकांची नासाडी करणारे रोही आणि रानडुक्कर परवानगी घेऊन मारण्याची वाट मोकळी केली होती. जून 2016 मध्ये त्याच केंद्र सरकारमधल्या मंत्री मनेका गांधी यांनी पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली. त्यांनी दिलेल्या उदाहरणांत चंद्रपूर होते. तिथे 53 रानडुकरे मारली गेली आणि आणखी 50 मारायला परवानगी दिली आहे, असे त्या म्हणाल्या. पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांचे म्हणणे होते की, राज्यांनी शेतकऱ्यांच्या नुकसानीपोटी मागितले म्हणून केंद्राने परवानगी दिली.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. पण सगळा वाद मारावे की मारू नये, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरला. कुणाला मारतो आहोत, किती मारतो आहोत आणि कशाने मारतो आहोत, हे प्रश्न मागे राहिले. रमजानच्या महिन्यात नेमके हेच प्रश्न आठवावेत.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण हदीससंग्रहांत एका जुन्या नबींची गोष्ट येते. ते एका झाडाखाली थांबले असता त्यांना एक मुंगी चावली. त्यांनी मुंग्यांचे सारे वारूळच जाळायला लावले. तेव्हा अल्लाहकडून त्यांना जाब विचारला गेला. चावली एक, मग शिक्षा एकीलाच का नाही? अल्लाहचे गुणगान करणारी एक अख्खी जमात तू का जाळलीस? या गोष्टीत मुंगी चावलीच नव्हती, असे कुणी म्हणत नाही. तिचा बंदोबस्त करायचा नाही, असेही म्हटलेले नाही. जाब आहे तो एकीच्या चुकीसाठी सगळ्यांना जाळण्याचा. मुलचेऱ्याच्या धुऱ्यावरची जिवंत तार म्हणजे रोज रात्री पेटवलेले वारूळच आहे.

कुरआनाच्या सत्ताविसाव्या अध्यायाचे नावच ‘अन-नम्ल’, म्हणजे मुंगी. पैगंबर सुलेमान यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना बिळात शिरायला सांगते. लष्कर तुम्हाला चिरडेल, आणि त्यांना ते कळणारही नाही, असा तिचा इशारा आहे. मुंगी लष्कराला दुष्ट म्हणत नाही. त्यांना खाली काय आहे ते दिसत नाही, एवढेच ती सांगते. सुलेमान ते ऐकतात, हसतात आणि अल्लाहचे आभार मानतात. ज्याच्या हाती ताकद आहे, त्याला पायाखालच्याचे ऐकू यावे, ही अपेक्षा त्यात आहे.

याचा अर्थ इस्लाममध्ये कुठलाच जीव मारायचा नाही, असा नव्हे. तसे सांगणे खोटे ठरेल. हदीसमध्ये कावळा, घार, विंचू, उंदीर आणि चावरा कुत्रा या पाच प्राण्यांना, अपाय करतात म्हणून, मक्केच्या पवित्र हद्दीतही मारण्याची मुभा आहे. गंमत म्हणजे आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या अनुसूचीतही उपद्रवी म्हणून कावळा, उंदीर, घूस आणि फळे खाणारी वटवाघळे होती. 2022 च्या दुरुस्तीत ती अनुसूची गेली. दोन्ही याद्या छोट्या आहेत. यादी छोटी असण्याला अर्थ असतो. जे यादीत नाही त्याच्यावर हात उचलण्याआधी कारण द्यावे लागते.

इथे एक गैरसमज स्पष्ट बोलून दूर केला पाहिजे. डुक्कर खाणे मुसलमानाला हराम आहे. म्हणून रानडुकराच्या जिवाला काही किंमत नाही, असे काहींना वाटते आणि इतरांनाही मुसलमानांबद्दल तसेच वाटते. दोन्ही चूक. खाण्याची मनाई ही ताटापुरती आहे. तिने तो जीव निर्मात्याच्या हिशोबातून बाहेर पडत नाही. कुरआन जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या साऱ्यांना तुमच्यासारख्याच जमाती म्हणतो, आणि त्यातून कुणाला वगळत नाही. पीक वाचवण्यासाठी, कायद्याने परवानगी घेऊन एखादे डुक्कर मारावे लागले तर ती गरज झाली. मौजेसाठी किंवा तिरस्कारापोटी मारले तर ते दुसरेच काही झाले.

ही समज एका धर्माची मक्तेदारी नाही. नागपंचमीला शेतकरी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. गोंड समाजात कुळाकुळाने ठरावीक झाडे आणि प्राणी न मारण्याची रीत आहे. बंगाली घरांत मनसादेवीच्या रूपाने सापाला मान दिला जातो. या सगळ्यांच्या मुळाशी सारखीच जाणीव आहे. मारावे लागेल, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच न मारण्याचे दिवस, कुळे आणि जागा त्यांनी राखून ठेवल्या.

शहरात राहणाऱ्याने हे वाचून शेतकऱ्याकडे बोट दाखवू नये. बाजारात उंदरासाठी चिकट पुठ्ठा मिळतो. रात्री ओट्याखाली ठेवायचा, सकाळी बघायचे. उंदीर मेलेला नसतो. पाय, पोट, कधी तोंड डिंकात रुतलेले असते आणि रात्रभर सुटण्याची धडपड केलेली असते. मग तो पुठ्ठ्यासकट कचऱ्यात जातो. सरडा किंवा पाखरू अडकले तर तेही. पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण मुस्लिमच्या हदीससंग्रहात आली आहे, तिचा आशय असा, की अल्लाहने प्रत्येक गोष्टीत भलाई लावून दिली आहे, मारायचेच असेल तर तेही नीट मारा, पाते धारदार ठेवा, जनावराला त्रास देऊ नका. जिवंत प्राण्याला बांधून त्याच्यावर नेम धरणाऱ्यांचा त्यांनी धिक्कार केला आहे. चिकट पुठ्ठा या कसोटीला उतरत नाही. झटक्यात मारणारा किंवा जिवंत पकडणारा पिंजरा त्यापेक्षा बरा. त्याहून बरे म्हणजे धान्याच्या कोठ्या बंद ठेवणे आणि बिळे बुजवणे. विष घालताना लक्षात ठेवावे की विषाने मेलेला उंदीर घुबडाच्या किंवा मांजराच्या पोटात जातो. उंदरांवर राज्य करणारी धामण आणि घुबड आपणच मारायची आणि मग उंदीर वाढले म्हणून रडायचे, हा व्यवहारही तोट्याचा आहे.

शेतकऱ्याचा भार मात्र वेगळा आहे. त्याला एकट्याला अपराधी ठरवून कुणी मोकळे होऊ शकत नाही. जंगल टिकावे, वाघ वाढावा, असे सारे राज्य म्हणते. पण त्या जंगलाचे भाडे रात्री जागून भरतो तो शेतालगतचा माणूस. हदीसमध्ये आहे की, कुणी रोप लावले किंवा पेरणी केली आणि त्यातले पाखराने, माणसाने वा जनावराने खाल्ले, तर तो त्याचा सदका, म्हणजे दानधर्म ठरतो. हे वचन शेतकऱ्याला धीर देते. पण दुसऱ्याच्या सक्तीच्या सदक्यावर समाजाने फुकट पुण्य मिळवू नये. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर आणि खऱ्या नुकसानीइतकी मिळाली पाहिजे. सौर कुंपण हा हाताशी असलेला उपाय आहे. ते क्षणभराचा झटका देते, जीव घेत नाही, आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना त्यासाठी अनुदानाची सोय आहे. एकेका शेताऐवजी गावशिवाराला मिळून कुंपण घातले तर डुक्कर एकाच्या बांदीतून हाकलले जाऊन दुसऱ्याच्या बांदीत जात नाही.

आणि ज्याच्या हातून आधीच एखादा जीव गेला आहे, त्याचे काय? तारेला लागलेले हरीण, घाईत ठेचलेला बिनविषारी साप, विनाकारण जाळलेले मधमाश्यांचे पोळे. पुष्कळ माणसांच्या मनात अशी एखादी गोष्ट असते आणि ती कुणाला सांगितलेली नसते. इतरांनी हसून सोडून दिलेल्या गोष्टीचा त्याला का त्रास व्हावा, असे वाटते. त्रास व्हावा, हे चांगलेच आहे. पण नुसते चुटपुटणे पुरत नाही. हजच्या इहराममध्ये असताना कुणी जाणूनबुजून शिकार केली, तर कुरआन त्याला कफ्फारा, म्हणजे भरपाई, सांगतो. मारलेल्या प्राण्याच्या तोलामोलाचे जनावर अर्पण करणे, किंवा गरिबांना जेवू घालणे, किंवा तितके रोजे धरणे. तिथली शिकार आणि धुऱ्यावरचा जीव यांचा धर्मशास्त्रात हिशोब वेगळा आहे, हे खरे. तरी त्यातली दिशा सर्वांना लागू पडते. अपराधाची भावना कुढण्यासाठी नसते, ती काहीतरी फेडण्यासाठी असते.

फेडण्याची वाट मुलचेऱ्यात जवळच आहे. उन्हाळा तोंडावर आहे, पाणवठे आटतील. कुंपणाबाहेर पाण्याचे टाके भरून ठेवता येते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही हदीसमधली गोष्ट मुसलमानांच्या घरोघरी सांगितली जाते. घरात साप निघाला तर काठीआधी सर्पमित्राला फोन करता येतो. शेजाऱ्याच्या धुऱ्यावर तार दिसली तर भांडणाआधी त्याच्याजवळ बसून बोलता येते, आणि तो ऐकत नसेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर किंवा वीज कार्यालयात कळवता येते. ती चुगली नव्हे. उद्या त्या तारेला त्याचाच मुलगा लागू शकतो. आणि माणूस दगावला तर मांडणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, घर उद्ध्वस्त होते.

रोजा धरणारा माणूस दिवसभर स्वतःच्या घरातले, स्वतःच्या हक्काचे पाणीही पीत नाही. घोट समोर असतो, कुणी पाहत नसते, तरी हात थांबतो. महिनाभर हे करणाऱ्या हाताला, रात्री तारेत प्रवाह सोडण्याआधी किंवा पुठ्ठा ओट्याखाली सरकवण्याआधी क्षणभर थांबणे जड जाऊ नये. समोर कोण आहे ते पाहावे. डुक्कर असेल तर हाकावे, कुंपण घालावे, परवानगी मागावी. दिसत नसेल तर मारू नये. या पहाटे सहेरी करून उठणाऱ्यांपैकी ज्यांच्या शेतात तार आहे, त्यांनी उजाडल्यावर पहिले काम ती गुंडाळण्याचे करावे.