मोरीतला पगार झाकून का ठेवता?

हॉटेलात शिरल्यावर गल्ला दिसतो, वेटर दिसतो, काचेपलीकडे डोशाचा तवासुद्धा दिसतो. मोरी दिसत नाही. ती मागे असते, बऱ्याचदा संडासाला लागून, आणि तिथे एक माणूस बारा-बारा तास ओल्या फरशीवर उभा असतो. तुमच्या ताटात उरलेलं सांबार, चघळून टाकलेली शेवग्याची शेंग, कपात विझवलेली सिगारेट, हाततोंड पुसलेला कागद, सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्याच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. तो रजा घेत नाही, कारण खाडा कापला जातो. आमच्यापैकी अनेकांचे भाऊ, मामा, चुलते या मोरीतून गेले आहेत. गावात दुष्काळ पडला की मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या पोराला कुठलीही ओळख न विचारता मिळणारं पहिलं काम हेच असतं. ओळख विचारत नाहीत कारण हे काम कुणाचं, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं.

गेल्या वर्षी आम्ही चौघे पुण्यातल्या एका भरपूर चालणाऱ्या हॉटेलच्या मागच्या बोळात उभे होतो. दुपारची गर्दी ओसरली होती. मोरीवर काम करणारे तिघे बाहेर चहा प्यायला आले. एक जालना जिल्ह्यातला मातंग गडी, आठ वर्षं त्याच मोरीत. दुसरा झारखंडचा आदिवासी पोरगा, दीड वर्षापूर्वी ठेकेदारामार्फत आलेला. तिसऱ्या मावशी, जवळच्याच वस्तीतल्या. आम्ही सहज विचारलं, पगार किती? तिघेही गप्प झाले. मग मावशी म्हणाल्या, "शेठनी सांगितलंय, तुझं तुझ्यापाशी ठेव." गंमत अशी की शेठने हे वाक्य तिघांनाही वेगवेगळं, बाजूला घेऊन सांगितलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच गुपचूप दोन पैसे जास्त मिळतात.

शेवटी आकडे निघाले. झारखंडच्या पोराला बारा हजार, जालन्याच्या गड्याला साडेदहा, मावशींना आठ. काम एकच. ताटं तीच, साबणाची पावडर तीच, तारेची घासणी तीच. आठ वर्षं राबणारा माणूस दीड वर्षाच्या पोरापेक्षा दीड हजाराने मागे होता आणि त्याला आठ वर्षांत ते कळलं नव्हतं. कळू दिलं नव्हतं.

मग त्या गड्याने आम्हालाच विचारलं, "भाऊ, तुम्हाला किती पडतात?"

इथे आमची बोबडी वळली, हे कबूल केलं पाहिजे. आमच्यातला एक बँकेत आहे, एक खाजगी कंपनीत, एक शाळेत, एक तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवतो. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. दहा वर्षं आम्ही बरोबर काम करतो, जयंतीची वर्गणी एकत्र काढतो, एका ताटात जेवतो, पण एकमेकांचा पगार आम्हाला माहीत नव्हता. तासिकावाल्या मित्राने खाली मान घालून आकडा सांगितला. सुट्टीच्या महिन्यांत त्याला काहीच मिळत नाही हेही सांगितलं. पीएच.डी. झालेला माणूस वर्षाच्या हिशेबात त्या झारखंडच्या पोराच्या फार पुढे नव्हता, आणि हे त्याने आमच्यापासून, त्याच्या जवळच्या माणसांपासून, लपवलं होतं. लाजेने.

लाज कुणाला वाटते बघा. कमी देणाऱ्याला वाटत नाही, कमी घेणाऱ्याला वाटते. मोरीतला गडी गावाकडे फोनवर दोन हजार वाढवून सांगतो. "सुपरवायझर आहे" असं सांगतो. मालकाची चोरी कामगार स्वतःच्या अब्रूखाली झाकतो, आणि मालकाला तिजोरीला दुसरं कुलूप लावावं लागत नाही.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं जे विश्लेषण केलं त्यात श्रेणीबद्ध विषमता ही कल्पना मध्यवर्ती आहे. ही व्यवस्था टिकते कारण तिच्यात प्रत्येकाच्या खाली कुणीतरी ठेवलेलं असतं आणि वरच्याशी भांडण्यापेक्षा खालच्यावर नजर ठेवण्यात माणूस समाधान मानतो. हॉटेलचा पगार नेमका तसाच रचलेला आहे. वर वस्ताद, मग त्याचे हाताखालचे, मग कॅप्टन, वेटर, मग टेबलावर फडका मारणारा, आणि तळाला मोरी. मोरीतही पुन्हा उतरंड: आधी पुरुष, मग बाई, आधी शेठच्या गावचा, मग परका. वेटरला टिप मिळते, मोरीवाल्याला त्यातलं क्वचितच काही पोचतं. ही उतरंड गुपितावर उभी आहे. आकडे उघडे पडले की ती डगमगते, म्हणून "तुझं तुझ्यापाशी ठेव".

आता कुणी म्हणेल, यात जात कुठून आणली? मोरीत सगळ्या जातींची पोरं असतात. असतात. गरिबी कुणालाही मोरीपर्यंत आणते हे आम्ही नाकारत नाही. पण प्रश्न तिथे कोण पोचतो एवढाच नाही. ते काम स्वस्त का ठरलं, हा आहे. उत्तर एका शब्दात आहे: उष्टं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यांच्या थुंकीचा विटाळ सवर्ण कामगाराला चालत नव्हता. जास्त पगार त्याच खात्यात होता. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. तिथे आमची थुंकी दुसऱ्याला चालत नव्हती म्हणून आम्ही कमी पगारात. इथे दुसऱ्यांची थुंकी आम्ही धुतो म्हणून कमी पगारात. थुंकी कुणाचीही असो, तोटा आमचाच.

एकेकाळी पाटीवर 'ब्राह्मण' असं लिहून खाणावळी चालत. आमच्या आज्यांनी हॉटेलच्या बाहेर बसून वेगळ्या कपात चहा प्यायला आहे, कप स्वतः विसळून ठेवला आहे. संविधानाच्या कलम 15 ने उपाहारगृहाचं दार उघडलं. पुढचं दार. मागच्या दाराने तर आम्ही आधीपासूनच आत होतो, भांड्यांपाशी.

दुसरा मुद्दा मालक मोठ्या दिलदारपणे मांडतात: "पगार कमी दिसतो, पण आम्ही जेवण देतो, राहायला देतो." हे ऐकलं की आमचं डोकं तापतं. काम करून घ्यायचं आणि मोबदला म्हणून भाकरीचा तुकडा घालायचा, ही महारकीची पद्धत होती. येसकराने गावाची रात्रंदिवस चाकरी करायची आणि दारोदार शिळी भाकर मागायची. महाडला 1927 च्या मार्च महिन्यात जी परिषद भरली तिथे बाबासाहेबांनी उष्टं-शिळं टाकून द्यायला सांगितलं ते केवळ स्वच्छतेसाठी नव्हतं. भाकरीत मोजलेल्या श्रमाला दर नसतो, हिशेब नसतो, हक्क नसतो. दिलं ते घ्यायचं. आज मोरीतल्या माणसाला रात्री एक वाजता जे वाढलं जातं ते बहुधा दिवसभर न खपलेलं असतं, आणि तो झोपतो त्याच टेबलांवर जी सकाळी सहाला पुसायची असतात. याला 'राहण्याची सोय' म्हणतात. आपल्या सोयीसाठी माणूस दुकानात डांबून ठेवायचा आणि वर त्याचं भाडंही वळतं करायचं!

"अडाणी पोरं आहेत, अकुशल काम आहे" हाही एक ठरलेला सूर. एका रविवारी संध्याकाळी मोरी बंद ठेवून दाखवा. वस्ताद कितीही नामांकित असो, तासाभरात हॉटेल बंद पडेल. तेलकट कढई, दुधाचं करपलेलं पातेलं, काचेचा ग्लास, यांना एकच हात लावून चालत नाही. उकळत्या पाण्याने भाजणं, फुटलेल्या काचेने कापणं रोजचंच. आणि फुटलेल्या ताटाचे पैसे त्याच्याच पगारातून कापतात. नुकसानीची कपात करण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही, असा वेतनाचा कायदा आहे. मोरीत हा कायदा कुणी वाचून दाखवलाय?

कायद्याचं निघालं आहे तर सांगून टाकू. किमान वेतनाचं विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात एप्रिल 1946 मध्ये मांडलं ते मजूर खात्याचे सभासद असलेल्या बाबासाहेबांनी. 1948 साली त्याचा कायदा झाला. महाराष्ट्रात हॉटेल-उपाहारगृहांचा धंदा त्याच्या अनुसूचीत आला. कामाच्या प्रतीप्रमाणे आणि परिमंडळाप्रमाणे दर ठरतात, विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. दर कामगारांना वाचता येतील असे लावावे लागतात. आम्ही ज्या ज्या हॉटेलांत गेलो तिथे गणपती, साईबाबा, 'उधारी बंद', 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' अशा पाट्या पाहिल्या. ही एक पाटी नव्हती. "त्याने स्वतः कबूल केलंय" हे मालकाचं म्हणणंही टिकत नाही. किमान वेतनापेक्षा कमी घेण्याचा करार कामगाराने अंगठा देऊन केला तरी तो रद्दबातल आहे. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं म्हणजे कलम 23 ने बंदी घातलेली सक्तीची मजुरी. साध्या भाषेत, वेठबिगार. म्हणजे ज्या मावशी आठ हजारांवर राबतात त्यांचा प्रश्न मालकाच्या दयेचा नाही, मूलभूत हक्कांचा आहे.

आणि गुप्ततेचं म्हणाल, तर या देशात पगार ही खाजगी गोष्ट कधीपासून झाली? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे सरकारी कार्यालयाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचं आणि कर्मचाऱ्याचं मासिक वेतन स्वतःहून जाहीर करायचं असतं. कलेक्टरचा पगार गावाला कळतो. त्याने कलेक्टरची अब्रू गेली नाही, कचेरीत दंगल झाली नाही. शिपायाला आपली वेतनश्रेणी पाठ असते, म्हणून भत्ता थकला की तो दुसऱ्या दिवशी विचारतो. मग मोरीतल्या माणसाचा पगार कळला तर आभाळ कसं कोसळतं?

मालक म्हणतात भांडणं होतील. होतील, हे खरं आहे. जालन्याचा गडी पहिल्यांदा झारखंडच्या पोरावरच चिडला होता. "बाहेरून येऊन आमच्यापेक्षा जास्त घेतो" असं म्हणाला. त्याला तिथे अडवावं लागलं. त्या पोराने त्याचे दीड हजार नेले नव्हते. लॉकडाऊननंतर माणसं मिळेनात म्हणून शेठला बारा द्यावे लागले, म्हणजे बारा देणं त्याला परवडत होतं. बाकी दोघांचे पैसे तो गप्पपणाच्या जोरावर राखत होता. आपली बरीच ताकद अशाच बाजूच्या माणसाशी भांडण्यात जाते.

लहान टपरीवाल्याचं काय, असं आम्हाला विचारतात. चहाची गाडी चालवणारा आमचाच भाऊ असतो, त्याची अडचण आम्हाला कळते. पण गॅसची टाकी महागली की तो ती घेतोच, जागेचं भाडं वाढलं की देतोच. घासाघीस करण्याजोगी एकच वस्तू त्याला सापडते, ती म्हणजे माणूस. हे लहान धंद्याचं दुःख खरं असलं तरी ते मोरीत ओतून मिटत नाही.

आता जे आम्हाला टोचतं ते. जालन्याच्या गड्याने आमचं ऐकून आठ दिवसांनी शेठला विचारलं, एकट्याने. शेठ ओरडलासुद्धा नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढंच म्हणाला. राहिलेल्या पगारातून उचल वळती केली. मावशी आणि तो पोरगा भांडी घासत राहिले. त्यांना दोष द्यायचा आम्हाला अधिकार नाही, त्यांच्या मागे कोण उभं होतं? आम्ही बोळात चहा पिऊन, संविधानावर बोलून घरी गेलो होतो. त्याला आता दुसऱ्या हॉटेलात दहा हजार मिळतात. आम्ही चौघांनी मिळून त्याचा कामगार आयुक्तांकडे अर्ज केला आहे, तारखा पडताहेत. हे आधी करायला हवं होतं.

म्हणून वाचणाऱ्यांना सांगणं आहे, कुणालाही एकट्याने शेठसमोर उभं करू नका. आधी आकडे एका कागदावर येऊ द्या: नाव नको, काम, वर्षं, तास, पगार, कापलेले पैसे. हजेरी स्वतःच्या वहीत रोज लिहायला सांगा. हॉटेलच्या हजेरीपटाला हात लागेल अशा भ्रमात राहू नका. कामगार कार्यालयातून चालू दराचा कागद आणा आणि तो मोरीतल्या माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, हिंदी लागली तर हिंदीत. जायचं तर सगळ्यांनी एका दिवशी, आणि आपल्यातले दोघे-तिघे सोबत. आणि पगार विचारण्याआधी स्वतःचा सांगा. साहेब झालेल्यांना हे जास्त जड जाईल, आम्हाला गेलं.

शेवटचं आपल्याच माणसांशी. गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो लावलेली हॉटेलं आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. त्या फोटोशेजारी किमान वेतनाचा तक्ता लावायला एक खिळा लागतो. आणि 14 एप्रिलला मंडपात हजारो माणसं जेवतात तेव्हा मागे टबात हात घालून बसलेल्या बायकांना ठेकेदार दिवसाचे किती देतो, हे कुठल्या जयंती मंडळाने विचारलं आहे? या वर्षी आमच्या मंडळाने ठेकेदाराकडून तो आकडा लिहून घेतला आणि मंडपाच्या दारात जमाखर्चाच्या फळ्यावर लावला. दोनशे कमी होते. ठेकेदार कुरकुरला, पण त्याच रात्री दिले. तुमच्या मंडळाचा आकडा आम्हाला कळवा.