आकडा उतरला म्हणून…

मैत्रिणींनो, गेल्या श्रावणातली गोष्ट. अहेरीत दुपारची सामसूम होती. एक ओळखीच्या ताई आल्या (नाव विचारू नका), दार लोटून घेतलं नि पदराखालून कागद काढला. "बाई, तुम्ही शिकवता ना, एवढं इंग्रजी वाचून द्या."

त्यांना एचआयव्हीची औषधं सुरू होऊन दीड वर्ष झालेलं. आधीच्या तपासणीत सीडी-४ होतं ४१२, या खेपेला ३३८. "रोज न चुकता गोळी घेते, तरी उतरलंच ना? मग कशाला घ्यायची?"

मला धस्स झालं ते आकड्यानं नव्हे, या 'कशाला घ्यायची'नं!

सीडी-४ म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पेशी. निरोगी माणसात त्या रक्ताच्या घनमिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० असतात. पण म्हैस तरी रोज एकाच मापाचं दूध देते का? याही पेशी सकाळी कमी, संध्याकाळी जास्त भरतात. ताप, गरोदरपण, एवढंच काय, प्रयोगशाळा बदलली तरी आकडा हलतो.

"मधे आजारी होता?"

"मलेरिया झाला होता की, पंधरा दिवसांमागं."

घ्या! आपल्या गडचिरोलीत पावसाळ्यात मलेरिया काही नवा नाही. त्या तापात सीडी-४ तात्पुरतं उतरतं, मग सावरतं.

औषध लागू पडतंय का, हे खरं सांगते ती व्हायरल लोडची तपासणी. सरकारी एआरटी केंद्रात ती औषध सुरू केल्यावर सहा महिन्यांनी, बारा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा करतात. ताईंच्या कागदावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' असं होतं. त्यातला 'नॉट' पाहून त्या आणखीच घाबरलेल्या! अहो, विषाणू इतके कमी की यंत्रालाही सापडले नाहीत, असा त्याचा अर्थ. हे असंच टिकलं तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मधेच कधी ६०-७० भरले नि पुढच्या खेपेला पुन्हा नाहीसे झाले, तरी घाबरायचं कारण नाही. १००० च्या वर गेले तर मात्र गोळ्या चुकल्या का, ते केंद्रात विचारतात नि तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासतात. सीडी-४ लागोपाठ दोन-तीनदा घसरलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

एक बायकांसाठी खास. हल्लीच्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर असतं. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी उपाशीपोटी तिच्याच जोडीला घेतली, तर ते अंगी कमी लागतं. म्हणून एआरटीची गोळी दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तासांनी. किंवा दोन्ही जेवणासोबत. मनानं गोळी बंद करणं मात्र अजिबात नको.

ताईंना मी एक वही आखून दिली. तारीख, आकडा आणि शेवटच्या रकान्यात, त्या दिवसांत काय झालं होतं ते. ३३८ पुढे 'मलेरिया' लिहिलं. पुढच्या खेपेला ४०५ भरलं. तो आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून आणला.